गौरीचा तुरा

लिमयेबाई खुर्चीवर बसायच्या त्या दोन टप्प्यांत. आधी टेबलावर हात टेकायच्या, थोडं थांबायच्या, मग बाकीचं अंग सोडून द्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं." काय झालं ते कधी सांगायच्या नाहीत. शाळेची प्रार्थनाही व्हायची असायची, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांना असं बसलेलं पाहिलं की वाटायचं, या बाईंचा दिवस संपला सुद्धा. आम्हीच आपले मागे राहिलो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. माझे यजमान पिंपरीला नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात लागले, म्हणून आम्ही मराठवाड्यातून बोचकी बांधून इकडे आलो. मला चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली. माझं बोलणं ऐकून मुलं हसायची, शिक्षकही हसायचे, फक्त तोंडावर हात ठेवून. लिमयेबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आता मला वाटतं, त्या चांगुलपणाने हसल्या नाहीत असंही नसेल. हसायलाही थोडं बळ लागतं, ते त्यांच्याकडे शिल्लक नसायचं.

त्या शास्त्र शिकवायच्या. पन्नाशीच्या जरा अलीकडे होत्या, लग्न केलेलं नव्हतं. उंच, खांद्यात वाकलेल्या. आईचं आजारपण काढलं, मग वडिलांचं, मग एका भावाचं. ही तिन्ही माणसं गेली तोवर बाईंचं वय निघून गेलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बसस्टॉपवर उभं असताना आणि बस दिसल्यावर अर्ध्यावर सोडून. गावठाणात एका खोलीत राहायच्या. घरात देव नव्हते. घरमालकिणीने त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांचं सगळं वेळेवर करावं लागतं हो. माझ्याच्याने होत नाही." नास्तिकपणाचं इतकं थकलेलं कारण मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

शिकवण्यात मात्र त्यांचा एक हट्ट होता. फुलाचे भाग शिकवायचे तर बाकीचे शिक्षक जास्वंदी तोडून आणायचे आणि ब्लेडने उभ्या चिरायचे. लिमयेबाई चाळीस मुलांची रांग घेऊन शाळेमागच्या कुंपणाशी जायच्या आणि मुलांना फुलापाशी वाकायला लावायच्या. एक वाकणार, बघणार, पुढे सरकणार. यात तास संपायचा आणि रांगेच्या शेवटची पोरं पाहायची राहून जायची. त्यांची पाळी उद्या. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी ही रांग पाहिली आणि विचारलं, "बाई, मुलांच्या हातात फूल का नाही?"

"तोडलं की त्याचं प्रेत होतं साहेब," बाई म्हणाल्या. "प्रेताचे भाग डॉक्टर लोक शिकवतात. मी शाळेत आहे."

साहेबांनी शेरा काय मारला ते सगळ्यांना माहीत होतं, कारण हेडमास्तरांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनी ऐकून घेतला, हात टेकले, बसल्या, म्हणाल्या, "झालं."

मला त्या पहिल्यांदा माळावर घेऊन गेल्या तो श्रावणातला शनिवार होता. शाळा अर्धा दिवस होती आणि मला घरी जाऊन धुणं धुवायचं होतं. "कुमुद, धुणं पळून जात नाही," असं म्हणून त्यांनी छत्री उघडली. तिची एक काडी बाहेर आलेली होती आणि ती शेजारून चालणाऱ्याच्या डोळ्यात जायची, म्हणून मी भिजतच चालले. रूळ ओलांडले की पलीकडे मोठा उजाड माळ होता. त्याच्या कडेला दहा-पंधरा घरांची वाडी. माळावर खाली कातळ, वर बोटभर माती, आणि एका जागी जमीन परातीसारखी खोलगट झालेली. पावसाळ्यात तिथे घोट्याच्या वर पाणी साचायचं. दिवाळीपर्यंत ते आटायचं आणि उन्हाळ्यात त्या जागी भेगाळलेल्या मातीखेरीज काही दिसायचं नाही.

त्या पाण्यातून देठ वर आले होते. प्रत्येक देठाला टोकाशी दोन फाटे फुटलेले, आणि दोन्ही फाट्यांवर बारीक फुलं दाटीने बसलेली. रंग गुलाबी म्हणावा तर जांभळा वाटत होता, जांभळा म्हणावा तर पांढुरका. सगळं डबकं त्यांनी भरलं होतं. वाडीतली पोरं त्याला बेचकं म्हणायची, कारण दगड मारायच्या बेचकीसारखा त्याचा आकार. मोठी माणसं काहीच म्हणायची नाहीत.

बाई पाण्याच्या काठाशी एका दगडावर बसल्या. "याच्या खाली गड्डा असतो," त्या म्हणाल्या. "सुपारीएवढा. वर्षातले आठ महिने तो कोरड्या मातीत गप पडून राहतो. पाणी आलं की उठतो, घाईघाईने फुलतो, गौरी गेल्या की बी धरतो आणि पुन्हा झोपतो. मला फार हेवा वाटतो गं त्याचा."

"आठ महिने झोपायला मिळतं म्हणून?"

"मग काय फुलायला मिळतं म्हणून?"

हसल्या त्या. मग सांगितलं की हे फूल त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. सुट्ट्यांमधून देहूपासून चाकणपर्यंत, महाळुंग्याच्या शिवारापर्यंत त्या प्रत्येक पाणथळ पायाखाली घालून आल्या होत्या. चार जिने चढताना तीनदा थांबणारी ही बाई! गेंदाची पांढरी बोंडं सापडली, निळी बारकी फुलं सापडली, हे नाही. एवढ्या मोठ्या मुलखात ते या एका परातीत होतं. आणि बाईंना या जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ते तिथे राहावं. मला तेव्हा ती गोष्ट फार लहान वाटली.

पुढे त्यांनी पुण्याच्या एका प्रोफेसरांना बोलावून ते दाखवलं. मी होते त्या दिवशी. प्रोफेसर आनंदाने अक्षरशः पाण्यात नाचले. हे फार दुर्मीळ आहे, कदाचित याची कुठे नोंदही नसेल, बाई तुम्ही मोठं काम केलंत, असं बरंच बोलले. आणि मग पॅन्ट दुमडून आत शिरले आणि त्यातली चांगली भरलेली पाच-सहा झाडं गड्ड्यांसकट उपटून त्यांनी ओल्या कागदात गुंडाळली. अभ्यासाला लागतात म्हणे. परत येताना रुळांपाशी गाडी जाईपर्यंत उभं राहावं लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी यांना पत्ता दिला हेच चुकलं. पण कुणाला तरी सांगावंसं वाटतं गं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माळावर चुन्याच्या रेघा पडल्या आणि खुंट्या ठोकल्या गेल्या. पिंपरीकडून कारखाने सरकत सरकत येतच होते. आमच्या घरची चूलच त्यांच्यावर पेटत होती, तेव्हा मला वाईट वाटायचं कारण नव्हतं, आणि वाटलंही नाही. वाडीची पड जमीन एका कंपनीने घेतली होती आणि तिची भिंत बरोबर बाईंच्या परातीवरून जाणार होती. डबकं बुजवून तिथे लोखंड ठेवायचं आवार होणार होतं.

बाई तलाठ्याकडे गेल्या. तलाठी समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, "बाई, तो पोटखराबा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे शेताच्या पोटातली खराब जागा. तिथे काही उगवत नाही, म्हणून तिच्यावर साराही नाही. कागदावर तिथे काहीच नाही, तर मी वाचवू काय?"

पोटखराबा हा शब्द बाईंच्या मनाला फार लागला. नंतर कितीतरी दिवस, वर्गात कुणी गप्प बसलं, कुणी नापास झालं की त्या माझ्याकडे बघून पुटपुटायच्या, "पोटखराबा." एकदा स्वतःबद्दलही म्हणाल्या, आणि मला त्यांना गप्प करावं लागलं.

मग त्या कंपनीच्या इंजिनिअरला भेटायला गेल्या. सोबतीला मी. पत्र्याच्या शेडमध्ये तो नकाशे पसरून बसला होता. तरुण होता, घामाने निथळत होता, आणि मला तो माणूस आवडला हे सांगायला हरकत नाही. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"बाई, खरं सांगू का," तो म्हणाला, "फुलासाठी भिंत वाकवली असं मी वर सांगितलं तर मला वेड्यात काढतील. देव असता तर गोष्ट वेगळी होती. त्या पलीकडच्या बाजूला म्हसोबाचा दगड निघाला. मजूर कुदळ लावेनात. आम्ही भिंत निमूट वळवून घेतली. वरूनही कुणी काही विचारलं नाही. तुमच्या डबक्यात आहे का एखादा देव?"

त्याने ते थट्टेने म्हटलं. बाई थट्टेने ऐकत नव्हत्या. परतीच्या वाटेवर निम्म्यात त्या एकदम म्हणाल्या, "कुमुद, गौरी भाद्रपदातच असतात ना?"

वाडीत पारूआत्या नावाची म्हातारी होती. तिच्या शब्दाबाहेर वाडीतलं चूल-मूलही जात नसे. तिचे दोन नातू बाईंच्या वर्गात होते. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती आणि कडेवर धाकटी पणती होती. बाई तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गौर माहेराला येते. लांबून येते. तिचे पाय मळतात. ती त्या डबक्यात पाय धुते, आणि तिचं पाऊल जिथून उचललं जातं तिथे हा तुरा उगवतो. गौरीचा तुरा. म्हणून तो त्याच दिवसांत फुलतो.

बाईंचे कान लालभडक झाले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी खोटं सांगितलं नसावं, सरावच नव्हता.

"आसं कोन म्हनतं?" पारूआत्याने विचारलं.

"माझी आजी म्हणायची."

"आमी तर त्येला बेचकंच म्हनतो. म्हशी खात्यात की त्ये."

"म्हणून तर तुमच्या म्हशींना दूध चांगलं," बाई म्हणाल्या. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा पुष्कळ सहज निघालं.

पारूआत्या शेंगा फोडायची थांबली. "व्हय गं बाय," ती स्वतःशीच म्हणाली. "गौरीच्याच टायमाला येतंय त्ये. इतकी वर्सं डोळ्यापुढं हाय, आन् आमाला कळलं न्हाई."

आठ दिवसांत वाडीतली पुरुषमंडळी पत्र्याच्या शेडपुढे जाऊन उभी राहिली. गौरीची जागा आहे, भिंत घालू देणार नाही. इंजिनिअरने सगळं ऐकून घेतलं, आणि पारूआत्याच्या मुलाने आम्हाला सांगितलं की साहेब मधेच हसला, का ते कळलं नाही. नकाशावर भिंत त्या जागी आत वळवली गेली. मात्र त्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ही जागा गावाच्या देवाची म्हणून सोडतो आहे. देव नाही असं उद्या ठरलं, तर कंपनी ती घेईल.

दुसऱ्या दिवशी लिमयेबाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि एका टप्प्यात बसल्या. त्यांनी पेढे आणले होते. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "एक मुलगी पास झाली." हेडमास्तरांनी दोन घेतले.

आता पुढचं सांगायचं तर आधी आमच्या घरांतल्या रीती सांगायला हव्यात, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आमच्या मराठवाड्याकडे गौरी म्हणतच नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. दोन मुखवटे, भरजरी साड्या, पुढे फराळाच्या राशी. पानाफुलाशी त्यांचा संबंध हारापुरता. लिमयेबाईंच्या माहेरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावर जायचं, पाच-सात खडे उचलायचे, तोंडाने न बोलता घरी आणायचे. बाईंच्या डोळ्यासमोर लहानपणचं तेवढंच होतं. बायका येतील, हळदकुंकू वाहतील, डबक्याच्या काठचे खडे उचलतील आणि जातील. खड्यांना त्या माळावर काय तोटा!

गौरी यायच्या दिवशी आम्ही दोघी मुद्दाम गेलो. वाडीच्या बायका नव्या लुगड्यांत, डोक्यावर पदर, हातात तांब्ये घेऊन, गाणी म्हणत आल्या. पलीकडच्या वस्त्यांमधूनही आल्या होत्या. पारूआत्याची नातसून महाळुंग्याची. तिच्या माहेरच्याही दोघी होत्या. बाई काठावर उभ्या होत्या. चेहऱ्यावर थोडा अपराधीपणा, थोडा आनंद. यजमानीण बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा.

बायकांनी हळदकुंकू वाहिलं. मग लुगडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. पहिलीने देठाच्या बुडाशी बोटं घातली, चिखल मऊच होता, आणि गड्ड्यासकट झाड अलगद वर काढलं. पाण्यात खळखळून मुळं धुतली. मग दुसरीने. मग सगळ्यांनी.

"अहो, खडे घ्या ना!" बाई ओरडल्या. "खडे! काठावरचे खडे घ्या!"

बायका हसल्या. "खड्याची गौर तुमच्याकडं, बाई," पारूआत्या पाण्यातून म्हणाली. "आमची मुळाची."

त्या वाडीत पिढ्यान् पिढ्या तेरड्याची रोपं मुळांसकट उपटून गौर म्हणून घरी नेत. तेरडा बांधाबांधाला तणासारखा माजतो, कितीही उपटला तरी सरत नाही. पण खुद्द गौरीच्या पावलाचा तुरा मिळत असताना तेरड्याला कोण विचारतं? प्रत्येकीला एक पुरेना. जावेला एक, नणंदेला एक, ज्यांना यायला जमलं नाही त्यांना एक. बाई काठाकाठाने धावत होत्या. त्यांना धावताना मी तेव्हाच काय ते पाहिलं. कुणाचा हात धरत होत्या, पुन्हा सोडत होत्या. सांगणार काय? हा तुरा गौरीचा नाही, असं तोंडातून निघालं असतं तर संध्याकाळच्या आत ते पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचलं असतं.

बायका गेल्यावर पाणी गढूळ होतं. कडेकडेला, जिथे हात पोहोचले नव्हते तिथे, थोडे देठ उभे होते. बाई दगडावर बसल्या. मी त्यांना त्या दिवशी "झालं" म्हणताना ऐकलं नाही.

पुढे महिन्याभराने त्या पारूआत्याकडे गेल्या. नुसता तुरा वरून खुडून न्या, मूळ राहू द्या, असं त्यांनी परोपरीने सांगितलं.

"बिनमुळाची गौर?" पारूआत्या घाबरलीच. "आवो बाई, मूळ ठिवून गौर आनली तर ती निम्मी माघारीच ऱ्हाती. घरात कशी यायची? आसलं वंगाळ बोलू नगा."

यावर शास्त्राच्या शिक्षिकेने काय उत्तर द्यायचं? मला त्या काळात बाईंची दया यायची आणि रागही यायचा. दोन्ही एकदम. मी म्हटलं, "तुम्ही तो गौरीचा केलात नसतात तर भिंतीखाली गेला असता. तुमचा इलाज नव्हता." त्या म्हणाल्या, "बेचकं होतं तोवर त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणून ते होतं." आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी भरपूर झालं. आम्ही श्रावणात तीन वेळा जाऊन आलो. भिंत वर आली होती आणि डबक्यापाशी येऊन खरोखरच आत वळली होती. मोठ्या माणसाने लहान मुलाला वाट द्यावी तशी. डबक्यात पाणी स्वच्छ होतं आणि जवळजवळ रिकामं. शेवटी शेवटी बोटांवर मोजण्याइतके देठ वर आले. बाईंनी त्यातल्या प्रत्येकाकडे वाकून पाहिलं आणि सरळ होताना माझा खांदा धरला.

"मी त्यांना खरं सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

"मग कंपनी जागा घेईल."

"घेईल. पण त्यांना मुरूम टाकायला वर्ष लागेल. यंदा बी धरलं तर मी ते गोळा करीन, कुठेतरी दुसरीकडे टाकीन. बायकांनी यंदा नेलं तर टाकायला काहीच उरत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि मला आता त्या आजीचा कंटाळा आला गं. नसलेल्या आजीचा."

गौरींच्या दिवशी बायका आल्या तेव्हा लिमयेबाई पाण्याच्या अलीकडे, वाटेत उभ्या होत्या. छत्री मिटलेली, हातात आडवी धरलेली. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात त्यांनी सांगितलं. हा तुरा गौरीचा नाही. गौरीशी याचा काही संबंध नाही. कंपनीने जागा घेऊ नये म्हणून मी ती गोष्ट रचून सांगितली. माझी चूक झाली. ही शेवटची झाडं आहेत, ही राहू द्या. तुम्ही तेरडा न्या, पूर्वी न्यायचा तसा.

कुणी चिडेल, शिव्या देईल, या तयारीने मी उभी होते. कुणी चिडलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग सगळ्यांनी पारूआत्याकडे पाहिलं. पारूआत्या पुढे आली. पणती कडेवर होतीच, आता जरा मोठी झालेली. तिने बाईंच्या दंडावर हात ठेवला.

"बाई, तुमी शिकल्याल्या," ती मायेने म्हणाली. "तुमचा इस्वास न्हाई, त्यात तुमचा बी दोस न्हाई. पर माज्या आजेसासूच्या येळंपासनं गौर हितं पाय धुती. आमच्या समद्या गौरी ह्याच पान्यावरनं आल्यात."

"पारूआत्या, गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं. तुमच्या ओसरीवर. तुम्ही शेंगा फोडत होतात."

"तुमी तुमच्या आज्जीचं सांगितलं. आमचं आमाला ठावं हुतंच की."

"व्हय," नातसून म्हणाली. "आमच्या महाळुंग्याला बी सांगत्यात, ह्या माळावर गौरीचं पाय धुयाचं ठिकान हाय म्हनून. लई जुनं हाय त्ये."

"माझी आजी असं काही म्हणत नव्हती!" बाईंचा आवाज फाटला. "ते खोटं होतं!"

"आजच्या दिशी आज्जीला खोटं पाडू नगा, बाई," पारूआत्या म्हणाली, आणि त्यांच्या बाजूने पुढे गेली.

म्हातारी खोटं बोलत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहत होते. तिला खरोखरच तसं आठवत होतं. वर्षभरात त्या गोष्टीला आजेसासू मिळाली होती, महाळुंगं मिळालं होतं, आणि लिमयेबाई त्या गोष्टीतून वजा झाल्या होत्या.

बायकांनी उरलेली झाडं वाटून घेतली. भांडल्या नाहीत, ज्यांच्या घरी नवी सून होती त्यांना आधी दिली, बाकीच्यांनी तेरडा नेला. बाई बाजूला उभ्या होत्या. सगळ्यांत शेवटी पारूआत्याने भिंतीच्या कोपऱ्यातलं एक झाड काढलं. ते बहुधा शेवटचंच होतं. ते घेऊन ती बाईंपुढे आली.

"ही तुमाला. तुमच्या घरी कुनी न्हाई, गौर कोन आननार? तुमच्यामुळं ही जागा आमाला ऱ्हायली, इसरलो न्हाई आमी."

तांब्यात नीट उभं राहावं म्हणून तिने खालचा गड्डा नखाने खुडला. कडेवरच्या पणतीने हात पुढे केला, तेव्हा तो तिच्या हातावर ठेवला. पोरीने तो तोंडात टाकला आणि चावायला लागली. गोड असतो म्हणे.

बाईंनी ते सगळं पाहिलं. मग छत्री काखेत धरली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. पारूआत्याने त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

रुळांपाशी आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याच महिन्यात आम्हाला कारखान्याजवळ खोली मिळाली आणि मी ती शाळा सोडली. त्यामुळे बाईंचं मला जे शेवटचं आठवतं, ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं.

घरी माझा पाय ठरेना म्हणून दिवेलागणीला मी त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. बाईंनी जमिनीवर पाट मांडला होता. पाटावर पाण्याचा तांब्या, आणि त्यात तो दोन फाट्यांचा तुरा उभा. पुढे लावायला निरांजन नव्हतं, म्हणून त्यांनी कंदिलाची वात बारीक करून ठेवली होती. त्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. कपाळावरचं कुंकू पुसलेलं नव्हतं.

"बाई, हे काय?" मी म्हटलं.

"बस," त्या म्हणाल्या. त्यांची नजर तुऱ्यावरच होती. "इतक्या बायका म्हणतात गं. असेलही."

मी बसले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून मी उगीच पदर सारखा करत राहिले.

थोड्या वेळाने त्या भिंतीला हात टेकून उठल्या आणि झाकलेली ताटली घेऊन आल्या.

"तुला ठाऊक असेल," त्या म्हणाल्या. "आल्या दिवशी गौरीला काय वाढतात गं? भाजी-भाकरी चालते ना? तेवढीच आहे माझ्याकडे."

"चालते," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी भाजी-भाकरीच असते."

त्यांनी ताटली पाटापुढे सरकवली, आणि पाणी राहिलं म्हणून पुन्हा उठल्या.